मायदेशाहून परतल्यानंतर : परदेशस्थ मिशनरी कार्यात पुन्हा स्थिरावण्याची प्रक्रिया
(महाराष्ट्रातील मिशनच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याचा अभ्यास मुख्यतः तीन अंगांनी झालेला आहे : मुद्रण व कोशवाङ्मय, स्त्रिया व वंचित समूहांचे शिक्षण, आणि धर्मांतराविषयीचा वाद. या तिन्ही अंगांच्या लेखनात मिशनरी हा सतत येथेच वास्तव्य करणारा, स्थिर असा कार्यकर्ता म्हणून समोर येतो. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याचे आयुष्य अधूनमधून खंडित होत असे. काही वर्षांच्या सेवेनंतर तो मायदेशी जाई, तेथे वर्ष-दीड वर्ष राही आणि पुन्हा येथे परते. या रजेला मिशनच्या परिभाषेत ‘फर्लो’ म्हणत. आज हा शब्द आपल्याकडे प्रामुख्याने कैद्यांच्या रजेच्या संदर्भात ऐकू येतो. त्या काळी मात्र लष्करी व मुलकी अधिकारी आणि मिशनरी यांच्या दीर्घ रजेसाठी तो रूढ होता.

प्रथम येणे आणि रजेनंतर परत येणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिल्या आगमनाच्या वेळी भाषा, हवामान, चालीरीती हे सर्व अपरिचित असते आणि अडचण येणार हे गृहीतच असते. परतताना मात्र सर्व काही परिचित आहे अशी समजूत असते. याच समजुतीमुळे दुसरे स्थिरावणे अनेकदा अधिक अवघड होते. ते का अवघड होते, त्याचे स्वरूप काय असते आणि ते कशावर अवलंबून असते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. पुन्हा स्थिरावण्याचा प्रश्न केवळ परतणाऱ्या व्यक्तीच्या मनःस्थितीचा नसून तिच्या अनुपस्थितीत ज्यांनी कार्य चालविले त्यांच्याशी असलेल्या तिच्या नात्याचा आहे, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

रजेपूर्वीचा काळ

प्रारंभीच्या पिढ्यांपुढे परतण्याचा प्रश्न बहुधा नव्हताच. ‘क्रिस्तपुराण’कर्ते फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले, चाळीस वर्षांत ते इंग्लंडला परतले नाहीत. १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले आणि १८३४ मध्ये श्रीरामपूर येथे मृत्यू येईपर्यंत त्यांनी मायभूमी पाहिली नाही. जाणे हे आयुष्यभरासाठीच, असा तेव्हाचा संकेत होता.

अमेरिकन मराठी मिशनच्या आरंभीच या संकेताच्या दोन्ही बाजू दिसतात. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेहून निघाले आणि कलकत्त्यातील अडथळे पार करून फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस पोहोचले. प्रकृतिअस्वास्थ्यामुळे नॉट १८१५ मध्ये मायदेशी निघाले. ते पुन्हा आले नाहीत. हॉल मात्र येथेच राहिले. १८२५ मध्ये त्यांची पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेस गेली, तेव्हाही ते गेले नाहीत आणि १८२६ मध्ये प्रवासात असताना पटकीने त्यांचे निधन झाले. जो गेला तो परतला नाही व जो राहिला तो गेला नाही. या दोन टोकांमधील तिसरा मार्ग, म्हणजे जाऊन पुन्हा येणे, हळूहळू घडत गेला.

हा मार्ग आरंभी जोखमीचा होता. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणाऱ्या शिडाच्या जहाजास अनेक महिने लागत. रजा प्रकृती पूर्ण ढासळल्यावरच मिळत असल्याने पुष्कळदा ती उशिरा मिळे. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाशी संबंधित रॉबर्ट विल्सन ह्यूम १८५४ मध्ये मायदेशी जात असता समुद्रावरच मरण पावले. १८४२ मध्ये अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे सुरू झालेल्या त्याच पत्राचे पहिले संपादक हेन्री बॅलंटाइन यांनाही १८६५ मध्ये परतीच्या प्रवासातच मृत्यू आला. बाष्पनौका, इजिप्तमार्गे जाणारा रस्ता आणि १८६९ मध्ये खुला झालेला सुएझ कालवा यांमुळे हे अंतर आठवड्यांवर आले. त्यानंतर रजा ही आजारावरील अखेरचा उपाय न राहता सेवेच्या नियमांचा भाग बनली. अंतर कमी झाल्यामुळे परतणाऱ्यांची संख्या वाढली आणि त्याबरोबर परतण्यातील अडचणीही प्रकट होऊ लागल्या.

रजेच्या काळातील काम

मायदेशीची रजा ही केवळ विश्रांती नसे. मिशनला वर्गणी देणाऱ्या मंडळ्यांना भेटी देणे, सभांमधून कार्याचा वृत्तांत सांगणे, नवे कार्यकर्ते व निधी मिळविणे हे मिशनऱ्याचे कर्तव्य असे. त्यासाठी त्याला आपल्या कार्यक्षेत्राचे असे चित्र उभे करावे लागे, की ज्याने अनोळखी श्रोता हेलावेल व मदतीस प्रवृत्त होईल. दुष्काळ, बालविवाह, अस्पृश्यता हे विषय खरे होते. परंतु व्यासपीठावरील अर्ध्या तासात त्यांचे एकरंगी चित्र तयार होई. शेवगाव वा नेवाशाच्या एखाद्या खेड्यातील हुशार पाटील, थट्टेखोर शेजारीण, आपल्याच मताने चालणारा पाळक यांना त्या चित्रात जागा नसे.

येथेच पहिली अडचण निर्माण होते. वर्षभर एकच भाषण अनेक ठिकाणी दिल्यानंतर वक्त्याच्या स्वतःच्या मनातही प्रत्यक्ष गावाऐवजी भाषणातील गाव ठसू लागते. परतल्यावर त्याची गाठ पडते ती मात्र पहिल्या गावाशी. ते गाव त्याची वाट पाहत थांबलेले नसते. ज्यांच्या असहायतेचे वर्णन करून निधी जमविला, ती माणसे त्याच्या अनुपस्थितीतही आपापले व्यवहार नीट करीत होती, हे पाहून समाधान वाटावे. परंतु अनेकदा त्यात एक प्रकारचा अपेक्षाभंगही मिसळलेला असतो.

परतल्यानंतरच्या अडचणींचे स्तर

परतणाऱ्या मिशनऱ्याच्या अडचणी साधारणपणे चार स्तरांवर विभागता येतात.

पहिला स्तर शरीराचा व भाषेचा. थंड हवेतून येऊन उन्हाळ्याशी पुन्हा जुळवून घेणे, पाणी व आहार यांतील बदल सोसणे, हे काही आठवड्यांत साधते. भाषेचा प्रश्न सूक्ष्म असतो. व्याकरण विसरले जात नाही. पण बोलण्याची लय, आदरार्थी व एकेरी संबोधनांतील तारतम्य, ऐकताक्षणी सूचक अर्थ उमगणे यांवर गंज चढतो. समोरचा माणूस त्यास जुना जाणकार समजून भरभर बोलतो आणि नवख्याला मिळणारी सवलत त्याला मिळत नाही.

दुसरा स्तर कुटुंबाचा. एकोणिसाव्या शतकात मुले काहीशी मोठी होताच त्यांना शिक्षणासाठी मायदेशी ठेवण्याची प्रथा होती. त्यामुळे परतीचा प्रवास अनेक आईबापांसाठी मुलांच्या वियोगाचा प्रवास असे. मसुरी येथील वुडस्टॉक (१८५४) व कोडाईकनाल येथील शाळा (१९०१) यांच्यासारख्या संस्थांमुळे हा वियोग पुढे देशांतर्गत झाला, तरी तो संपला नाही. आपल्याकडे सासुरवाशीण माहेराहून परतते तेव्हा तिचे मन काही दिवस दोन्हीकडे असते. मिशनरी कुटुंबाची स्थिती याहून गुंतागुंतीची होती, कारण त्यांचे माहेर कोणते हे घरातील प्रत्येकाच्या दृष्टीने वेगळे असे. येथे जन्मलेल्या मुलांना अमेरिका हेच परके गाव वाटे.

तिसरा स्तर कामातील स्थानाचा. रजेवर जाणाऱ्याचे ठाणे शेजारच्या ठाण्यातील सहकाऱ्याकडे व स्थानिक पाळक-शिक्षकांकडे सोपविले जाई. परतल्यावर पूर्वीचेच काम मिळेल याची शाश्वती नसे. सिंथिया फॅरार यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १८२७ मध्ये मुंबईस आलेल्या फॅरार यांनी दहा वर्षे मुलींच्या शाळांचे काम केले, १८३७ मध्ये प्रकृतीमुळे त्या अमेरिकेस गेल्या आणि १८३९ मध्ये परतल्यावर त्यांचे कार्यक्षेत्र अहमदनगर हे झाले. तेथे त्यांनी १८६२ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, काम केले. जोतीराव फुले यांनी पाहिलेल्या व ज्यांचा त्यांच्यावर परिणाम झाला त्या मुलींच्या शाळा याच दुसऱ्या पर्वातील होत. फॅरार जुन्या जागी परतल्या नाहीत, हे त्यांच्या कार्यास बाधक ठरले नाही.

चौथा स्तर विचारांचा. रजेच्या काळात मिशनरी मायदेशातील बदललेल्या धर्मविचारांच्या व वादांच्या संपर्कात येई आणि तो पूर्वीचाच राहत नसे. हा स्तर बाहेरून दिसत नाही. म्हणून त्याची चर्चा दोन उदाहरणांच्या आधारे करणे इष्ट ठरेल.

दोन उदाहरणे : जॉन विल्सन व रॉबर्ट ॲलन ह्यूम

स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले. चौदा वर्षांच्या सेवेनंतर १८४३ च्या आरंभी ते इजिप्त, सिनाई व पॅलेस्टाइनमार्गे मायदेशी निघाले. त्यांच्यासमवेत १८३९ मध्ये ख्रिस्ती झालेले पारशी तरुण धनजीभाई नवरोजी होते. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च वेगळे झाले. विल्सन फ्री चर्चमध्ये गेले. परिणामी मुंबईतील ज्या शिक्षणसंस्थेची त्यांनी उभारणी केली होती तिची इमारत मूळ चर्चकडे राहिली. १८४७ मध्ये ते परतले तेव्हा शहर तेच होते, विद्यार्थी व सहकारी बरेचसे तेच होते. परंतु ज्या वास्तूभोवती त्यांचे कार्य गुंफलेले होते ती त्यांची राहिली नव्हती. त्यांना नव्या आधारावर उभारणी करावी लागली, आणि त्यातूनच पुढे विल्सन महाविद्यालयाची परंपरा घडली. दरम्यान, धनजीभाईंना १८४६ मध्ये स्कॉटलंडमध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली होती. गेले तेव्हा गुरू आणि शिष्य असलेले हे दोघे परतले ते समान पदावरील सहकारी म्हणून. परतण्याच्या अभ्यासात या बदलाचे महत्त्व इमारतीच्या हानीपेक्षा कमी नाही.

रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे प्रकरण वेगळ्या स्वरूपाचे आहे. त्यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईत झाला. समुद्रावर मृत्यू पावलेले रॉबर्ट विल्सन ह्यूम हे त्यांचे वडील. अमेरिकेत शिक्षण घेऊन १८७४ मध्ये ते मिशनरी म्हणून जन्मभूमीस परतले आणि १८७८ मध्ये त्यांनी अहमदनगर येथे धर्मशिक्षणाचे विद्यालय सुरू केले. पुढे रजेवर असताना १८८६ मध्ये अँडोव्हर येथील एका समारंभात त्यांनी एका वादग्रस्त मताविषयी सहानुभूती दर्शविली. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचे नाव कधी आलेच नाही अशा मृतांना मरणोत्तर संधी असू शकेल काय, असा तो प्रश्न होता. अमेरिकेतील श्रोत्यांना हा तात्त्विक प्रश्न होता. भारतात काम करणाऱ्यास मात्र आपल्या शेजाऱ्यांच्या वाडवडिलांविषयीचा हा रोजचा प्रश्न होता. मिशनच्या बोस्टन येथील कार्यकारी समितीने त्यांना परत पाठविण्याबाबत हात आखडता घेतला. बराच खल होऊन १८८७ मध्ये त्यांना परतण्याची मुभा मिळाली.

या प्रसंगाचा अर्थ असा, की परतण्याची अडचण परतल्यानंतरच सुरू होते असे नाही. दूरदेशीच्या अनुभवाने घडलेले मत मायदेशी मांडणे हीदेखील परतीची एक परीक्षा असते. ह्यूम यांनी पुढेही मौन पत्करले नाही. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेत त्यांनी ख्रिस्ती व हिंदू विचारांतील साम्य-भेदांवर विवेचन केले, दुष्काळनिवारणाच्या कार्याबद्दल १९०१ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले आणि १९०५ मध्ये मिशनकार्याकडे आधुनिक दृष्टीने पाहणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांच्याबाबतीत पुन्हा स्थिरावणे म्हणजे पूर्वीच्या मतांकडे परतणे नव्हते; बदललेल्या मतांसह त्याच माणसांत राहण्याचा तो मार्ग होता.

सैद्धांतिक चौकट आणि तिच्या मर्यादा

परदेशातील समायोजनाचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला. नॉर्वेहून फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेलेल्यांचा अभ्यास करून स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये असे मांडले, की आरंभी उत्साह, मध्ये खिन्नता व नंतर स्थैर्य असा समायोजनाचा क्रम असतो. इंग्रजी ‘यू’ या अक्षराच्या आकारावरून तो ‘यू-वक्र’ या नावाने ओळखला जातो. ‘सांस्कृतिक धक्का’ ही संकल्पना मानवशास्त्रज्ञ कालेर्वो ओबेर्ग यांनी लोकप्रिय केली. त्यांचा यावरील प्रसिद्ध लेख १९६० मध्ये ‘प्रॅक्टिकल अँथ्रोपॉलॉजी’ या मिशनकार्याशी निगडित नियतकालिकात आला होता, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. १९६३ मध्ये जॉन व जीन गुलाहॉर्न यांनी दाखविले, की मायदेशी परतल्यावर हाच चढउतार पुन्हा घडतो आणि दोन्ही वक्र जोडले असता ‘डब्ल्यू’ची आकृती तयार होते.

फर्लोवरील मिशनऱ्याच्या बाबतीत ही आकृती येथेच थांबत नाही. मायदेशातील समायोजन पुरे होते न होते तोच त्याला पुन्हा निघावे लागते आणि तिसऱ्या वक्राचा आरंभ होतो. दर काही वर्षांनी हे चक्र फिरत राहते. दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे. हे सर्व वक्र प्रवास करणाऱ्याच्या मनाचा आलेख काढतात. यजमान समाज त्यात केवळ पार्श्वभूमी म्हणून येतो. प्रत्यक्षात परतणाऱ्याशी जुळवून घेण्याचे काम त्या समाजासही करावे लागते. वर्षभर स्वतः निर्णय घेतलेल्या पाळकाने, मुख्याध्यापिकेने वा परिचारिकेने पुन्हा विचारून निर्णय घ्यावयाचे काय, हा प्रश्न कोणत्याही वक्रात दिसत नाही.

अनुपस्थितीतील कार्य व स्थानिक नेतृत्व

अमेरिकन मराठी मिशनच्या इतिहासात हा प्रश्न लवकरच उपस्थित झाला. मिशनचे परराष्ट्र सचिव रूफस अँडरसन १८५४ च्या अखेरीस पश्चिम भारतात आले. स्थानिक मंडळ्यांनी स्वतःचा कारभार, खर्च व प्रसार स्वतः करावा आणि मिशनऱ्याने पुढे सरकावे, असे त्यांचे धोरण होते. याच सुमारास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक यांना अहमदनगर येथे पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. तत्त्वतः मिशनऱ्याची अनुपस्थिती ही उणीव न मानता उद्दिष्ट मानणारे हे धोरण होते. व्यवहारात मात्र वेतन, इमारती व पत्रव्यवहार यांचे नियंत्रण पुढे अनेक दशके परदेशी हातांतच राहिले.

म्हणून प्रत्येक रजा ही या धोरणाची एक अनाहूत चाचणीच असे. मिशनरी गेल्यावर काम चालले तर ते धोरणाचे यश. पण परतलेल्या मिशनऱ्याने सर्व सूत्रे पूर्ववत स्वतःकडे घेतली तर त्या यशाचा लोप होई. या तणावाचे एक रूप नारायण वामन टिळक यांच्या चरित्रात आढळते. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अहमदनगर येथे दीर्घकाळ मिशनमध्ये काम केले. मिशनऱ्यांशी त्यांचे संबंध स्नेहाचे होते. तरीही १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. परक्या संस्थेच्या छायेत भारतीय ख्रिस्ती जीवन पूर्ण फुलणार नाही, ही त्यामागील जाणीव होती. आपले काम आपल्याच माणसांनी आपल्या रीतीने चालवावे ही ती मागणी होती, आणि रजेवरून परतणाऱ्या प्रत्येक मिशनऱ्यापुढे तिचे लहान रूप उभे असे.

स्वातंत्र्योत्तर काळात हा प्रश्न शासनाच्या पातळीवरही आला. मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या नियोगी समितीने १९५६ मध्ये परदेशी मिशनऱ्यांच्या कार्यावर कठोर टीका केली. परदेशी कार्यकर्त्याचे परतणे आता मिशनच्या इच्छेवर नव्हे, शासनाच्या परवानगीवर अवलंबून राहिले. दुसरीकडे, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन अनेक मिशनच्या मंडळ्या भारतीय नेतृत्वाखाली एकत्र आल्या. त्यानंतर जो परदेशी कार्यकर्ता परतला तो यजमान म्हणून नव्हे, निमंत्रित सहकारी म्हणून परतला.

मायदेशी कायमचे परतल्यानेही नाते संपतेच असे नाही. १८८१ पासून या मिशनमध्ये असलेले जस्टिन ॲबट १९१० मध्ये अमेरिकेस गेले. तेथून त्यांनी १९२६ पासून महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी भाषांतरमाला प्रसिद्ध केली व १९३२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिचे काम चालविले. जो समाज ख्रिस्ती करण्यासाठी ते आले होते त्याचे संतवाङ्मय जगापुढे नेणे, हे त्यांच्या उत्तरायुष्याचे कार्य ठरले.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. प्रथम, रजेनंतरचे स्थिरावणे हे पूर्वस्थितीत परतणे नसते. व्यक्ती, कार्य व समाज हे तिन्ही दरम्यान बदललेले असतात. दुसरे, जुन्या ओळखीचा भरवसा हीच यातील मोठी अडचण असते, म्हणून परतणाऱ्याने काही काळ पुन्हा ऐकणाऱ्याच्या भूमिकेत राहणे हिताचे. तिसरे, जाताना सोपविलेले अधिकार परतल्यावर आपोआप परत घेऊ नयेत. कोणते काम आता दुसऱ्याचे झाले आहे हे त्याच्याशी बोलून ठरवावे. चौथे, मायदेशी सांगितलेले चित्र व येथील वास्तव यांचा मेळ घालण्याची नैतिक जबाबदारी परतणाऱ्यावरच असते.

हे निष्कर्ष मिशनकार्यापुरते मर्यादित नाहीत. परदेशी शिक्षण घेऊन तत्कालीन मुंबई राज्यात परतलेल्या भारतीयांचा अभ्यास जॉन व रूथ यूसीम यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केला होता. विदेशी विद्यापीठातील अधिछात्रवृत्ती वा दीर्घ अभ्यासरजा संपवून विभागात परतणाऱ्या आजच्या प्राध्यापकासही हाच प्रश्न भेटतो. त्याच्या अनुपस्थितीत एखाद्या कनिष्ठ सहकाऱ्याने अभ्यासक्रम चालविला असतो, विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने त्याला पाहिलेलेही नसते. अशा वेळी विभागाला त्याच्या नव्या ज्ञानाचा लाभ किती होईल, हे त्या सहकाऱ्याने केलेल्या कामास तो कोणते स्थान देतो यावर पुष्कळसे अवलंबून राहील.